गहू आला, पुस्तकं गेली

ऐरोलीचे एक काका गेली दोन वर्षं दर मंगळवारी दुपारी ठाण्यातल्या आमच्या वाचनालयात येतात. मी तिथे आठवड्यातून दोन दुपारी बिनपगारी काम करते. पुस्तकांना कव्हरं घालायची, सुटलेली पानं खळीने चिकटवायची, कपाटातल्या रांगा सरळ करायच्या. काका रेल्वेतून निवृत्त झालेले, मूळ गाववाले आगरी. त्यांना एकच पुस्तक हवं होतं. आगऱ्यांच्या लग्नात धवलारीण जे धवले, म्हणजे लग्नाची गाणी, म्हणते, त्यांचं एक बारीकसं पुस्तक साठच्या दशकात कल्याणच्या एका छापखान्यात छापलं होतं. त्यातले काही धवले काकांच्या मावशीने सांगितलेले. काकांनी लहानपणी ते पुस्तक घरात पाहिलं होतं, मग घर पाडलं, चाळ बांधली, चाळ पाडली, इमारत उभी राहिली. एवढ्या बिऱ्हाडांत चाळीस पानांचं पुस्तक टिकतंय कुठे?

आमच्या जुन्या दाखल नोंदवहीत ते सापडलं. म्हणजे पुस्तक नव्हे, त्याची ओळ. निळ्या शाईत नाव, पुढे किंमत 75 पैसे, पुढे दाखल क्रमांक आणि शेऱ्याच्या रकान्यात लाल शाईने एकच शब्द : निर्लेखित. म्हणजे संग्रहातून बाद. 26 जुलै 2005 च्या पावसात तळमजल्यावरचं एक अख्खं कपाट भिजलं होतं. आठवडाभर पुस्तकं पंख्याखाली उलटी टाकून ठेवली, काही वाचली, बाकीची रद्दीत गेली. कोणती वाचवायची हे ठरवताना जाडजूड, बांधणीची, नावाजलेल्या लेखकांची पुस्तकं आधी उचलली गेली. पिनेने टाचलेल्या चाळीस पानांकडे कोण बघतो?

माझी भाची अमेरिकेत शिकते. तिला सहज म्हणून नाव पाठवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने तिच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयातून मिळालेल्या नोंदीचा फोटो धाडला. नाव रोमन लिपीत, अक्षरांच्या खाली टिंबं आणि डोक्यावर आडव्या रेघा, पानं 40, उंची सेंटिमीटरमध्ये, भाषा मराठी, किंमत भारतीय रुपयात. तळाशी एक खूण : पीएल 480. पंधरा दिवसांनी दुसऱ्या राज्यातल्या ग्रंथालयातून पुस्तक तिच्या टेबलावर आलं आणि तिने मोबाइलवर चाळीसही पानांचे फोटो काढले. काकांनी ते आमच्या काउंटरवर उभ्यानेच पाहिले. सत्ताविसाव्या पानावर थांबले. तळटिपेत धवला सांगणारीचं नाव आणि गाव होतं. "ही त माजी मावशी हाय," एवढंच म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले.

मावशी ऐरोलीची, पुस्तक कल्याणचं, वाचनालय ठाण्याचं, आणि प्रत सापडली सात समुद्रापलीकडे. हे ऐकल्यावर आपल्याकडे दोन प्रतिक्रिया हमखास येतात. एक, बघा, परदेशात आपल्या भाषेची किती कदर आहे. दुसरी, बघा, नेलं लुटून. मला दोन्ही पटत नाहीत. हे पुस्तक तिथे कसं पोचलं याची हकिकत नीट पाहिली तर तिच्यात कदरही फारशी नाही आणि लूट तर नाहीच. आहे ती एका राष्ट्रीय ग्रंथालयाने घालून दिलेली, कंटाळवाणी वाटावी अशी एक शिस्त. मराठी जगात पोचावी असं ज्यांना मनापासून वाटतं त्यांनी कदर आणि लूट यांच्यावर बोलणं थांबवून त्या शिस्तीकडे बघावं.

पीएल 480 म्हणजे अमेरिकेचा 1954 चा पब्लिक लॉ क्रमांक 480. माझ्या आईच्या पिढीला तो गव्हामुळे आठवतो. रेशनच्या दुकानातला लालसर गहू, दुष्काळात आलेली मिलो ज्वारी, त्या भाकरीला नसलेली चव. त्याच गव्हाच्या पोत्यांतून गाजरगवताचं बी आलं असं सांगतात, आणि लोकांनी त्या गवताला नाव ठेवलं काँग्रेस गवत. हे धान्य भारताने डॉलर देऊन नव्हे, रुपये देऊन घेतलं. ते रुपये अमेरिकेच्या नावावर भारतातच साठत गेले. रक्कम एवढी फुगली की 1974 च्या फेब्रुवारीत अमेरिकेचे राजदूत मॉयनिहन यांनी तिच्यातला मोठा हिस्सा भारत सरकारला परत केला तेव्हा एका चेकवर 1,664 कोटी रुपयांचा आकडा लिहावा लागला.

परत न्यायला अवघड आणि खर्च करायलाही अवघड अशा या पैशातून भारतातली पुस्तकं विकत घ्यावीत, ही कल्पना वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या पथ्यावर पडली. नावाने ती तिथल्या संसदेची लायब्ररी, कामाने राष्ट्रीय ग्रंथालय. (काँग्रेस गवत इकडे आलं आणि काँग्रेसच्या लायब्ररीत आपली पुस्तकं गेली, हा योगायोग मला दरवेळी गंमतीचा वाटतो.) कायद्यात तशी दुरुस्ती 1958 साली झाली. पैसे मंजूर व्हायला मात्र 1961 उजाडलं. तीन वर्षं क्विन्सी ममफर्ड हे ग्रंथपाल संसदेच्या समित्यांपुढे एकच गाणं गात होते. सरकारी काम आपल्याकडेच रखडतं असं नाही, हे वाचून मला जरा बरं वाटलं. अखेर 1962 साली दिल्लीत, कराचीत आणि कैरोत कचेऱ्या उघडल्या.

दिल्लीच्या कचेरीचं काम काय होतं, हे मुद्दाम तपशिलाने सांगते, कारण सगळा मुद्दा त्यातच आहे. प्रत्येक भाषेच्या मुलखातले पुस्तकविक्रेते नेमलेले. त्यांनी नव्या पुस्तकांच्या प्रती दिल्लीला पाठवायच्या. तिथे ती भाषा येणारी भारतीय माणसं बसलेली. ती पुस्तक उघडून पाहणार, ठेवायचं की नाही ते ठरवणार, नोंद करणार. मग त्याच पुस्तकाच्या अनेक प्रती मागवून वॉशिंग्टनला आणि अमेरिकेतल्या डझनाच्या आसपास विद्यापीठांना बोटीने रवाना करायच्या. आणि दर महिन्याला एक छापील यादी काढायची : या महिन्यात भारतात कोणत्या भाषेत काय छापलं गेलं आणि आम्ही काय घेतलं. 1962 पासून ती यादी महिनोन् महिने निघत राहिली. मासिक याद्यांचे ते अंक चाळताना साठ वर्षांपूर्वीचा महाराष्ट्र जसा दिसतो तसा आपल्या कुठल्याच साहित्येतिहासात दिसत नाही. इतिहासात कादंबऱ्या असतात, कवी असतात. यादीत शेतकी पत्रकं असतात, सहकारी संस्थांचे अहवाल असतात, कीर्तनाच्या चोपड्या असतात, आणि हो, धवलेही असतात.

त्या कचेरीत मराठी पुस्तकं उघडून पाहणारा कारकून कोण होता, हे कुठे नोंदलेलं माझ्या पाहण्यात आलेलं नाही. काकांच्या मावशीचं नाव जगाला उपलब्ध आहे ते त्याच्यामुळे. त्याला कुणी सांगितलं नव्हतं की धवले म्हणजे मराठी संस्कृतीचा ठेवा वगैरे. त्याला सांगितलं होतं की चांगलं-वाईट ठरवू नकोस, उपयोगी पडेल असं जे येईल ते नोंद. पावसात भिजलेल्या कपाटापुढे उभं राहून आम्ही जे केलं त्याच्या नेमकं उलट.

आता त्यामागच्या हेतूंबद्दल. ते सोज्वळ नव्हते. 1957 च्या ऑक्टोबरात रशियाने स्पुटनिक सोडला, अमेरिकेला धसका बसला आणि पुढच्याच वर्षी तिथे राष्ट्रीय संरक्षणाच्या नावाखाली शिक्षणाचा कायदा झाला. त्या पैशातून विद्यापीठांत हिंदी, तमिळ, बंगाली, मराठी शिकवायला सुरुवात झाली. संरक्षणाच्या नावाखाली मराठी! जग ताब्यात ठेवायचं तर जगाची भाषा कळायला हवी, हा साधा हिशेब. त्याच पीएल 480 च्या गव्हाची जहाजं 1965-66 च्या दुष्काळात राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी मोजूनमापून सोडली, भारताने व्हिएतनामवर काय बोलावं आणि काय बोलू नये याचा हिशेब त्यामागे होता. तेव्हा अमेरिकेने आपली पुस्तकं प्रेमापोटी नेली असं कुणी सांगू लागलं तर मी उठून जाईन.

पण म्हणून ती लूट ठरत नाही. हस्तलिखित नेलं तर इथलं जातं. ते एकच असतं. एकोणिसाव्या शतकात आपल्या पोथ्या ज्या वाटांनी परदेशी गेल्या त्याबद्दल राग असणं रास्त आहे. पण छापलेल्या पुस्तकाची हजारातली एक प्रत दुकानातून छापील किमतीला विकत घेतली, तर उरलेल्या प्रती आपल्याकडेच होत्या. त्या आपण हरवल्या. पावसाने हरवल्या, वाळवीने हरवल्या, जागा नाही म्हणून हरवल्या. रद्दीवाल्याच्या काट्यावर किलोच्या भावाने हरवल्या. लुटीचा आरोप हा फार सोयीचा आरोप आहे. त्याने आपल्या निर्लेखनाच्या लाल शाईकडे बघायची गरज उरत नाही.

शिवाय स्वार्थाने लावलेलं झाड नि:स्वार्थी माणसांनाही सावली देतं. अमेरिकन अभ्यासक इलिनॉर झेलियट यांनी आंबेडकरी चळवळीवर, ॲन फेल्डहाउस यांनी महानुभाव वाङ्मयावर आणि महाराष्ट्राच्या नद्या-तीर्थांवर आयुष्य घातलं. फलटणला येऊन राहिलेल्या मॅक्सीन बर्नसन तर इथल्याच झाल्या. या मंडळींच्या पाठीशी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांच्या पाठीशी ती कपाटं उभी होती. आणि आज ठाण्यातल्या माझ्यासारखीला एखाद्या जुन्या शब्दाचा अर्थ अडला तर मी काय करते? मोल्सवर्थचा 1857 चा कोश उघडते, आणि तो उघडतो शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर. मुंबईत छापलेला कोश, शिकागोने संकेतस्थळावर ठेवलेला, नौपाड्यात वाचलेला.

धान्याच्या रुपयांचा साठा ऐंशीच्या दशकात आटला. फुकटचं होतं तोवर घेतलं, असं असतं तर कचेरीला तेव्हाच टाळं लागायला हवं होतं. तसं झालं नाही. विद्यापीठांनी आपले डॉलर काढले आणि खरेदी चालू ठेवली. दिल्लीची कचेरी आजही आहे. वीस वर्षं दर महिन्याला पेटी यायची, लावायला कपाट होतं, वाचायला माणसं तयार झाली होती. सवय लागली होती.

या शिस्तीचीही आधीची गोष्ट आहे, आणि ती सुरू होते एका शब्दभ्रमकारापासून. अलेक्झांडर वाट्मार हा फ्रेंच माणूस पोटातून आवाज काढायचे खेळ करत युरोपभर फिरायचा, आपल्या अर्धवटरावांच्या जातकुळीतला. फिरताना ग्रंथालयं बघायचा नाद. त्याच्या लक्षात आलं की जिथे जावं तिथे एकाच पुस्तकाच्या दोन-दोन, तीन-तीन प्रती धूळ खात पडल्यात. मग या देशांनी त्या आपसांत बदलून का घेऊ नयेत? हे त्याने वॉशिंग्टनला जाऊन एवढ्या रंगतदारपणे मांडलं की 1840 साली तिथल्या संसदेने जादा प्रती परदेशांशी अदलाबदलीत देण्याचा ठराव केला. राष्ट्रीय ग्रंथालयाचं परदेशाशी देणंघेणं सुरू झालं ते असं, कलावंताच्या उत्साहाने. आणि उत्साहाचं जे होतं तेच त्याचं झालं. सगळी व्यवस्था एका माणसावर उभी होती. 1864 मध्ये तो वारला आणि व्यवस्था बसली.

तिला उभं केलं ते रुक्ष कलमांनी. 1867 मध्ये अमेरिकेने ठरवलं की सरकारी छपाईच्या प्रत्येक दस्तऐवजाच्या पन्नास प्रती परदेशांशी विनिमयासाठी बाजूला काढायच्या. पन्नास म्हणजे पन्नास, कुणाचा मूड असो वा नसो. आणि 1901 पासून लायब्ररी ऑफ काँग्रेस आपली छापील सूचिकार्डं इतर ग्रंथालयांना विकू लागली. खेड्यातल्या ग्रंथपालाला प्रत्येक पुस्तकाचं कार्ड स्वतः लिहायची गरज उरली नाही. चार पैशात वॉशिंग्टनहून तयार कार्ड यायचं. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. दिल्लीत कचेरी उघडण्याआधी साठ वर्षं त्यांनी आपल्या घरातल्या लहान ग्रंथालयांची नोंद लावून दिली होती. 1962 साली जे जगभर पसरलं ते घरातलंच काम होतं, फक्त उंबऱ्याबाहेर आलेलं.

आपल्याकडे काय होतं? अगदी काहीच नव्हतं असं नाही. त्याच 1867 साली इंग्रज सरकारने छापखाने आणि पुस्तकनोंदणीचा कायदा केला. हेतू लक्ष ठेवण्याचा, पण त्यामुळे मुंबई इलाख्यात छापलेल्या मराठी पुस्तकांच्या तिमाही याद्या निघू लागल्या. पानं किती, प्रती किती, किंमत काय. पुढे शंकर गणेश दाते यांनी 1800 ते 1937 या काळातल्या मराठी पुस्तकांची सूची सिद्ध केली, ती 1943 मध्ये छापली गेली. खरं तर एका खात्याचं काम, ते एका माणसाने अंगावर घेतलं.

स्वातंत्र्यानंतर कोलकात्याची इंपीरियल लायब्ररी 1948 मध्ये राष्ट्रीय ग्रंथालय झाली आणि 1 फेब्रुवारी 1953 ला बेल्व्हेडिअरच्या वाड्यात लोकांसाठी उघडली. बी. एस. केशवन हे तिथले पहिले ग्रंथपाल. मोठ्या आवाक्याचा माणूस. जगाशी बोलायचं तर आधी आपल्याकडे काय छापलं जातं हे सांगता आलं पाहिजे, हे त्यांना नेमकं कळलं होतं. 1954 मध्ये कायदा झाला की प्रत्येक प्रकाशकाने पुस्तक निघाल्यापासून तीस दिवसांत एक प्रत स्वखर्चाने कोलकात्याला पाठवायची. मुंबईच्या सेंट्रल लायब्ररीसह आणखी ठरावीक ग्रंथालयांनाही एकेक. त्यातून 1958 पासून राष्ट्रीय ग्रंथसूची निघू लागली. म्हणजे अमेरिकेची कचेरी दिल्लीत यायच्या चार वर्षं आधी आपली यादी सुरू होती! केवढी घसघशीत सुरुवात!

आणि मग दोन गोष्टी झाल्या. पहिली म्हणजे सगळ्या भाषांच्या नोंदी रोमन लिपीत घ्यायचं ठरलं. त्याचं कारण मी समजू शकते. चौदा भाषांची एक यादी, ती लंडन-पॅरिसच्या ग्रंथपालाला वाचता आली पाहिजे, आणि त्या काळी वेगवेगळ्या लिप्यांची जुळणी म्हणजे छापखान्याच्या जिवाशी खेळ. पण परिणाम असा झाला की मुरबाडच्या वाचनालयातल्या ग्रंथपालाला ती यादी कधी आपली वाटलीच नाही. टिंबं आणि रेघा लावलेलं मराठी वाचून तो पुस्तकं मागवणार होता थोडाच? जगाकडे तोंड केलं आणि घराकडे पाठ झाली. पुढे यादी वर्षानुवर्षं मागे पडत गेली, आणि शिळी यादी जगालाही नको असते.

दुसरी म्हणजे दंड. पुस्तक पाठवलं नाही तर जास्तीत जास्त पन्नास रुपये आणि पुस्तकाची किंमत. आज पन्नास रुपयांच्या दंडाचा धाक तो कुणाला वाटणार! ठाणे-डोंबिवलीत स्वखर्चाने कवितासंग्रह काढणाऱ्या चार जणांना मी विचारलं. तिघांना हा कायदाच माहीत नव्हता. चौथे म्हणाले, "अहो, पाठवली होती प्रत. पोच आली नाही, पुढच्या वेळी नाही पाठवली." पोच आली नाही, एवढ्यावर एक माणूस यादीतून कायमचा गळला.

1892 साली लंडनच्या ब्रिटिश म्यूझियमने आपल्याकडच्या छापील मराठी-गुजराती पुस्तकांची सूची प्रसिद्ध केली, ब्लूमहार्ट नावाच्या गृहस्थांनी केलेली. पुढच्याच वर्षी, 1893 मध्ये, ठाण्यात विनायक लक्ष्मण भावे या विशीतल्या तरुणाने मराठी ग्रंथ संग्रहालय काढलं. महाराष्ट्र सारस्वत लिहिणारे तेच हे भावे. ती सूची त्यांनी पाहिली होती की नाही ते सोडा. मराठी पुस्तकांची रीतसर सूची लंडनला छापली जाते आणि मराठी मुलखात मराठी पुस्तकांचं म्हणून वेगळं ग्रंथालय नाही, अशी ती वेळ होती, आणि एका तरुणाने ठाण्यात ती भरून काढायला घेतली. नुसता अभिमान मिरवण्यापेक्षा हे कठीण काम. पुस्तकं मागायची, आणायची, लावायची.

आता आमच्या भागातलं ताजं चित्र. 2024 च्या जानेवारीत वाशीला सिडकोच्या प्रदर्शन केंद्रात विश्व मराठी संमेलन भरलं. मी एक दिवस गेले होते. लेझीम होतं, फेटे होते, परदेशातून आलेली मंडळी होती, पुरणपोळी चांगली होती. त्याच वर्षी 3 ऑक्टोबरला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि आमच्या वाचनालयाच्या पायरीवरही पेढे वाटले गेले. मी खाल्ले. संमेलनावर नाक मुरडणाऱ्यांपैकी मी नाही. माणसं भेटतात, भेटायलाच हवीत. पण संमेलन म्हणजे वाट्मारचा खेळ. रंगतो, टाळ्या पडतात, मंडप उतरतो. त्या तीन दिवसांच्या खर्चातला दशांशसुद्धा जर दर महिन्याला निघणाऱ्या एका यादीवर गेला असता तर?

माझं म्हणणं फार मोठं नाही. ठाणे, कल्याण, डोंबिवली, नवी मुंबई एवढ्याच पट्ट्यात महिन्याभरात जे मराठी छापलं जातं त्याची एक यादी निघावी. देवनागरीत आणि रोमनमध्ये, दोन्हीत. आता संगणकाला लिप्यांचं काही ओझं नाही. पुस्तकंच नव्हेत, स्मरणिकाही, दिवाळी अंकही, जातपंचायतीपासून गृहनिर्माण संस्थेपर्यंत कुणीही काढलेली पुस्तिका. प्रत्येकीच्या दोन प्रती विकत घ्याव्यात, फुकट मागू नयेत, आणि पोच द्यावी. एक प्रत जिल्ह्यात, कोरड्या जागी, तळमजला सोडून. दुसरी कोलकात्याला किंवा मुंबईला, कायद्याप्रमाणे. आणि यादी सगळ्यांना : मुरबाडला, दिल्लीच्या त्या कचेरीला, लंडनला, शिकागोला. त्यांना हवं ते ते विकत घेतील. साठ वर्षं घेतच आहेत. आज त्यांना डोंबिवलीच्या स्वखर्चाने छापलेल्या पुस्तकाचा पत्ता लागत नाही, कारण ते कुठल्या विक्रेत्याच्या यादीत नसतं. या कामाला तीन माणसं लागतील, एक खोली, आणि दहा वर्षांचा पगार. पगार पहिल्या वर्षाचा मिळेल हो. दहाव्या वर्षाचा मिळणार का, हे विचारलं की बैठकीत शांतता पसरते. विचारून पाहिलंय.

यावर सगळ्यात सणसणीत आक्षेप आमच्याच ग्रंथपालांनी घेतला, आणि मला तो खोडता आलेला नाही, फक्त वळवता आला. ते म्हणाले, "ताई, राज्यात अकरा-बारा हजार वाचनालयं अनुदानावर तग धरून आहेत. अनुदान वेळेवर येत नाही, आमचा पगार शिपायाला सांगायची लाज वाटते, आणि तुम्ही शिकागोचं काय घेऊन बसलात?" खरं आहे. ज्याने मला हे ऐकवलं त्याचा पगार मला माहीत आहे. मी एवढंच म्हणाले की ही यादी आधी तुमच्यासाठी आहे, शिकागो मागून. तुम्ही आज पुस्तकं निवडता ती विक्रेता टेम्पोत घालून आणतो त्यातून. जिल्ह्यात काय निघालं ते तुम्हाला कळत नाही, आणि ज्याचं पुस्तक आहे त्याला तुम्ही कळत नाही. ते हसले. "टेम्पोवाला निदान वेळेवर येतो," म्हणाले.

दुसरा आक्षेप तरुणांचा : आता सगळं स्कॅन करून टाका ना, प्रती कशाला हव्यात? स्कॅन करा, जरूर करा. पण लेखक वारल्यापासून साठ वर्षं हक्क राहतात, तेव्हा आजचं बहुतेक काही तुम्हाला खुलं ठेवता येणार नाही. आणि ज्या फाइलचं नाव नीट दिलेलं नाही ती फाइल म्हणजे भिजलेल्या कपाटातली पुस्तिकाच. माझ्या मोबाइलमध्ये काकांच्या पुस्तकाचे चाळीस फोटो आहेत. त्यांना नावं आहेत आयएमजी आणि पुढे चार आकडे. मी उद्या मोबाइल बदलला तर दुसऱ्यांदा निर्लेखन.

म्हणून गेल्या महिन्यात आम्ही त्या फोटोंच्या छापील प्रती काढल्या. काकांनी स्वतःच्या खर्चाने त्यांना कापडी बांधणी करून घेतली, वर सोनेरी अक्षरांत नाव घातलं आणि मंगळवारी काउंटरवर आणून ठेवलं. ग्रंथपालांनी दोन्ही हातांनी घेतलं, पानं चाळली, सत्ताविसावं पान काकांनी उघडून दाखवलं तेव्हा मान डोलावली. मग दाखल नोंदवही काढली, पेनाचं टोपण काढलं आणि थांबले.

"काका, ही झेरॉक्स आहे," म्हणाले. "झेरॉक्सला दाखल क्रमांक देता येत नाही."

पुस्तक सध्या माझ्या खणात आहे, खळीच्या डब्याशेजारी.